लिंबू ते मोडाचे मूग: जहाजावरच्या ताटाचा मागोवा

कारवारच्या किनाऱ्यासमोर अंजदीव नावाचे एक लहानसे बेट आहे. प्रशासकीयदृष्ट्या आज ते गोव्यात मोडते. ५ ऑक्टोबर १४९८ रोजी वास्को द गामाची जहाजे या बेटावरून आफ्रिकेकडे निघाली. ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते. कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा, अशा अवस्थेत ती जहाजे अरबी समुद्रात तीन महिन्यांना तीन दिवस कमी इतका काळ रखडली. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, घास चावता येईना, पाय फुगले, अंगावर डाग उठले. या एकाच टप्प्यात सुमारे ३० माणसे दगावली आणि प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे जेमतेम सात-आठ जण उरले. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोहोचताच आजाऱ्यांनी संत्र्यांचा ध्यास घेतला. गामाने ती मागवली, पण अनेकांच्या बाबतीत फार उशीर झाला होता. पुढे चालवायला माणसेच नाहीत म्हणून ‘सांव राफाएल’ हे एक जहाज त्यांना जाळून टाकावे लागले. याच माणसांनी हाच समुद्र पाच महिन्यांपूर्वी, मालिंदीहून कालिकतला येताना, अवघ्या २३ दिवसांत ओलांडला होता. शिडाच्या नौकेवर राहून धड खायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास या दोन प्रवासांतल्या फरकापासून सुरू करणे मला योग्य वाटते.

शरीराला ताजे अन्न मिळाले नाही तर हा रोग, म्हणजे स्कर्व्ही, लगेच होत नाही. शरीरातला क जीवनसत्त्वाचा साठा संपून रोग दिसू लागायला साधारण दोन-तीन महिने जातात. अरबी समुद्रातल्या जुन्या नाखव्यांना हे गणित मांडण्याची गरजच नव्हती, कारण वाऱ्याने ते त्यांच्यासाठी आधीच सोडवून ठेवले होते. मोसमी वारा पाठीशी घेऊन निघालेले गलबत तीन ते सहा आठवड्यांत पैलतीराला लागे. खजूर, तांदूळ, सुकी मासळी, कोकणातून निघाले असेल तर आमसुले, एवढ्या शिध्यावर तो काळ निभावून जाई. या शिध्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, तरी बंदरात उतरल्यावर भाजी आणि फळे मिळत आणि तूट भरून निघे. मराठ्यांच्या आरमाराची गुराबे आणि गलबते तर किनारा धरूनच लढली. मागे दुर्ग आणि दुर्गात गोड्या पाण्याच्या विहिरी, अशी त्यांची रचना होती. आपल्या दर्यावर्दी परंपरेत स्कर्व्हीच्या हाहाकाराच्या कथा फारशा ऐकू येत नाहीत त्याचे कारण मला यातच दिसते. एक पूर्वसूरी मात्र इथे आवर्जून आठवायला हवा. १३४० च्या दशकात प्रवासी इब्न बतूताने मलबार किनाऱ्यावर प्रचंड चिनी जहाजे पाहिली आणि त्यांवरचे खलाशी लाकडी कुंड्यांमध्ये पालेभाज्या आणि आले लावतात, असे लिहून ठेवले. जहाजावर अन्न साठवायचे नाही, पिकवायचे, ही कल्पना युरोपीय जहाजे या पाण्यात शिरण्याच्या दीडशे वर्षे आधी इथे तरंगत होती. ती फारशी कोणी उचलली नाही.

गामाच्या माणसांना तर उत्तर हातात घेऊनही ओळखता आले नाही. जाताना, एप्रिल १४९८ मध्ये मोंबासाच्या राजाने त्यांना मेंढ्याबरोबर संत्री, लिंबे आणि ऊस पाठवला होता. तिथे सगळे आजारी बरे झाले आणि सफरीच्या रोजनिशीत त्याचे श्रेय शहराच्या चांगल्या हवेला दिले गेले. पुढची चारशे वर्षे या विषयात पुन:पुन्हा हेच घडलेले आपण पाहणार आहोत: उपाय सापडतो, त्याचे कारण चुकीचे लावले जाते आणि चुकीच्या कारणामागे उपाय हरवतो. १५२०-२१ मध्ये मॅगेलनची जहाजे पॅसिफिक ओलांडत असताना तीन महिने वीस दिवस त्यांना ताजा घास मिळाला नाही. त्या सफरीत असलेल्या पिगाफेट्टाने नोंदवले आहे की बिस्किटांची किड्यांनी भरलेली पूड झाली होती आणि तिला उंदरांच्या मुताचा वास येत होता. डोलकाठीच्या आडव्या वाशावरचे कातडे चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून लोकांनी खाल्ले. एकेक उंदीर अर्ध्या डुकाटला विकला गेला. एकोणीस माणसे मेली. त्या काळच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांच्या शिध्यात हरभरे आणि मसूर असत. मॅगेलनच्या जहाजांवरही ते चढवले गेले होते. अख्खा हरभरा भिजवला, फडक्यात बांधून दोन दिवस ठेवला की त्यात काय निर्माण होते हे त्या जहाजावर कोणाला ठाऊक असते, तर निदान प्रवासाच्या पहिल्या महिन्यांत औषध पायाखालच्या पोत्यांतच होते.

लिंबाकडे हिशेबीपणे पाहिले गेले ते १६०१ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्याच सफरीचा प्रमुख जेम्स लँकेस्टर याने आपल्या ‘रेड ड्रॅगन’ जहाजावर लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या आणि माणसांना रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे रस दिला. ताफ्यातल्या उरलेल्या तीन जहाजांवर हा रस नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या टेबल बे उपसागरात पोहोचेपर्यंत त्या जहाजांची इतकी दैना झाली की नांगर टाकून होड्या उतरवायलाही ‘ड्रॅगन’ची माणसे मदतीला पाठवावी लागली. आज आपण ज्याला तुलनात्मक प्रयोग म्हणू तो इथे न योजता पार पडला होता. कंपनीचा मुख्य शल्यवैद्य जॉन वुडॉल याने १६१७ च्या आपल्या ग्रंथात लिंबाच्या रसाची शिफारसही केली. डचांनी निराळी वाट धरली. १६५२ मध्ये यान फान रीबेकने केपच्या टोकावर तळ टाकला तो मुळात पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, मांस आणि भाजी पुरवण्यासाठी. केप टाउनच्या मध्यवस्तीत त्या मळ्याची जागा आजही ‘कंपनीची बाग’ म्हणून राखलेली आहे. एका खंडाच्या टोकाचे भवितव्य कोबी-मुळ्याच्या वाफ्यांनी ठरवले, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे व्हायला हवी.

आणि तरीही १७४० मध्ये इंग्रज नौदलाचा जॉर्ज अॅन्सन सहा लढाऊ जहाजे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा लँकेस्टर विसरला गेला होता. चार वर्षांनी एकच लढाऊ जहाज परतले. सुमारे १९०० माणसांपैकी १४०० च्या आसपास दगावली. शत्रूच्या हातून मेलेले त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांचा घास स्कर्व्हीने घेतला. या धक्क्याच्या छायेत, २० मे १७४७ रोजी ‘सॅलिसबरी’ जहाजावरचा वैद्य जेम्स लिंड याने बारा स्कर्व्हीग्रस्त खलाशी निवडले. सगळ्यांचा आजार शक्य तितका सारखा, झोपायची जागा एक, रोजचे जेवण एक. मग त्याने दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाचे मद्य, दुसरीला गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंचा लेप करून त्याची गोळी. संत्री-लिंबे सहा दिवसांत संपली, कारण जहाजावर तेवढीच होती. पण त्या जोडीतला एक जण सहाव्या दिवशी कामावर उभा राहिला आणि दुसऱ्याला इतरांची शुश्रूषा करायला नेमण्यात आले. त्याखालोखाल थोडासा उतार पडला तो सफरचंदाच्या मद्याने.

याहून स्वच्छ पुरावा अठराव्या शतकात मिळणे कठीण. पण लिंडला स्वतःलाच त्याचा अर्थ पुरता उमगला नव्हता. १७५३ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाला मोजकीच जागा मिळाली. शिवाय फळे टिकवायची कशी, यावर त्याने सुचवले की रस मंद आचेवर तासन्‌तास तापवून घट्ट करावा. तो पाक वर्षानुवर्षे टिके, वासही छान येई, पण त्यातले औषध आचेवर उडून गेलेले असे. उपाय हरवण्याची ही आणखी एक तऱ्हा. त्यानंतर डेव्हिड मॅकब्राइड नावाच्या वैद्याने १७६० च्या दशकात जवाच्या माल्टचा काढा पुढे केला आणि जेम्स कुकने तो आपल्या सफरींत वापरला, वाखाणलाही. इथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. माल्ट म्हणजे मोड आणलेला जव. म्हणजे माणसे मोडापर्यंत येऊन पोहोचली होती. फक्त मोड आल्यावर तो जव भट्टीत वाळवला जाई, मग दळून गरम पाण्यात उकळला जाई, आणि मोडात जे नव्याने उपजले होते ते तिथेच संपे. कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर स्कर्व्हीचा बळी गेला नाही याचे श्रेय काढ्याला नव्हे, तर प्रत्येक बंदरात शोधून आणलेल्या हिरव्या पाल्याला आणि आंबवलेल्या कोबीला द्यायला हवे. खलाशी हा आंबट कोबी खाईनात. तेव्हा कुकने तो रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढायला लावला आणि खलाशांना हवा तर घ्या असे सांगितले. आठवडा होण्याआधीच मागणी इतकी वाढली की मोजून वाटायची वेळ आली.

लिंबाचा विजय अखेर भारताच्या वाटेवर झाला. १७९४ मध्ये ‘सफक’ हे जहाज इंग्लंडहून मद्रासला निघाले. २३ आठवडे ते कुठल्याही बंदराला लागले नाही. रोजच्या पेयात लिंबाचा रस आणि साखर मिसळून दिली जाई. स्कर्व्हीची चाहूल लागलेल्या मोजक्यांना रस वाढवून दिला आणि मद्रासला पोहोचेपर्यंत त्या रोगाने एकही माणूस गेला नाही. पुढच्याच वर्षी, गिल्बर्ट ब्लेन या वैद्याच्या आग्रहाने, इंग्रज नौदलाने लिंबाचा रस नेमाने द्यायचे मान्य केले. लँकेस्टरपासून १९४ वर्षे लागली. पण कारण अजूनही कोणाला ठाऊक नव्हते. आंबटपणाच रोग बरा करतो असा समज होता. म्हणून १८६० च्या दशकात भूमध्यसागरी पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधल्या इंग्रजी मळ्यांतली छोटी हिरवी लिंबे आली, तेव्हा कोणाला खटकले नाही. आपल्या कागदी लिंबाच्या जातीची ही लिंबे चवीला आंबट खरी; पण साठवणीच्या रसात त्यांचा गुण पिवळ्या लिंबाच्या सुमारे चौथाईच भरे. इंग्रज नौदलाच्या १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही उफाळला आणि सगळा विश्वासच ढासळला. लिंबाचा काही उपयोग नाही, डब्यातले मांस नासल्याने हा रोग होतो, असे विद्वान सांगू लागले.

याच सुमाराला जपानी नौदलात आहारातल्या उणिवेचाच दुसरा रोग माणसे मारत होता: बेरीबेरी. ‘र्‍युजो’ जहाजाच्या १८८२-८३ च्या सफरीत ३७६ पैकी १६९ जण आजारी पडले, २५ मेले. नौदलाचा वैद्य ताकाकी कानेहिरो याने १८८४ मध्ये त्याच मार्गावर दुसरे जहाज पाठवले, पांढऱ्या भाताचा भर कमी करून मांस, दूध, जव वाढवला, आणि एकही मृत्यू झाला नाही. नॉर्वेच्या खलाशांमधल्या बेरीबेरीचाच शोध घेताना अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले आणि त्यांना चक्क स्कर्व्ही झाला. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग करू शकत नाहीत. निवडलेला प्राणी योग्य निघाला आणि अंदाजांचे युग संपून मोजमापाचे युग सुरू झाले.

आता या मागोव्यातले सर्वांत जवळचे वळण. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला तसे घोडे कापले गेले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे त्यांना बेरीबेरी झाला. भारतीय जवानांनी बराच काळ घोड्याचे मांस नाकारले. कोंड्यासकट दळलेल्या पिठाने त्यांना बेरीबेरीपासून वाचवले, पण ताजे काहीच नसल्याने स्कर्व्हीने गाठले. या मोहिमेतला अनुभव पाहून लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी संशोधक, बऱ्याचशा स्त्रियाच, कामाला लागल्या. पिवळ्या आणि हिरव्या लिंबातला फरक त्यांनीच गिनीपिगांवर तपासून उघड केला. आणि त्यांनी दाखवले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीवर काही उपाय नाही, पण तेच कडधान्य दिवसभर भिजवून, दमट ठेवून, मोड आणले तर त्यात तो गुण उपजतो. १९१८ मध्ये सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा प्रयोग झाला आणि तो लिंबाच्या रसापेक्षा सरस ठरला. यात एक मेख होती. भारतीय पलटणींच्या कोठारात बहुतेक डाळ असे, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाही. अख्खे, सालासकट कडधान्य हवे. मटकीला मोड आणणे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या घरांतले तरुण कुतमध्ये डाळ-पिठावर हिरड्या सुजून पडले होते, ही गोष्ट वाचताना आजही जीव हळहळतो.

लांबच्या व्यापारावर वाफेची जहाजे आली, शीतपेट्या आल्या, आणि शिडाची नौका हौशी, धाडसी लोकांच्या हाती उरली. जोशुआ स्लोकम या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात ३७ फुटांच्या ‘स्प्रे’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती खारवलेला मासा, कडक बिस्किटे आणि बटाट्यांवर. भरपूर खाल्ला तर बटाटा स्कर्व्ही दूर ठेवतो. अझोर्स सोडल्यावर आलुबुखार आणि पांढरे चीज एकत्र भरपेट खाऊन तो इतका आजारी पडला की कोलंबसाच्या ‘पिंता’ जहाजाचा वाटाड्याच सुकाणू धरून उभा असल्याचा भास त्याला झाला. १९६८ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३२ फुटांच्या ‘सुहेली’वर इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता, परतला. ती नौका मुंबईत, सागवानात बांधलेली. तिच्या पोटात हजाराहून अधिक डबे भरले होते. ओलीने कागद सुटून पडतात म्हणून तो काढून प्रत्येक डब्यावर रंगाने खूण केलेली होती. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर १९३४ पासूनच बाजारात होत्या. जगण्याचा प्रश्न सुटला होता. जेवण मात्र डब्यातलेच राहिले.

‘सुहेली’चा धागा पुन्हा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळाला. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जग फिरावे हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी तयारीच्या काळात नॉक्स-जॉन्स्टनकडूनच धडे घेतले आणि २००९-१० मध्ये चार बंदरे घेत प्रदक्षिणा पुरी केली. २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी कुठेही न थांबता सुमारे १५० दिवसांत फिरून आले. दिवाडीलाच बांधलेल्या ‘तारिणी’वर २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच जग पालथे घातले. म्हैसूरला १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यदलांसाठी टिकाऊ तयार जेवण विकसित केले. नौदलाच्या या मोहिमांनाही त्याचा आधार मिळाला आहे. पाकिटातला पुलाव गरम पाण्यात बुडवला की झाले, हे वादळात मोठेच सुख. पण बंद पाकिटातले अन्न उच्च तापमानातून गेलेले असते. जे लिंडच्या पाकात घडले तेच थोड्याफार प्रमाणात इथेही घडते.

म्हणून आजच्या शिडाच्या नौकेवरचा शहाणा शिधा मला दोन भागांचा दिसतो: एक साठवणीचा, दुसरा जिवंत. पहिल्यात तांदूळ, पीठ, पाकिटे, डबे, सुकी मासळी. शिवाय हवेशीर जाळीत कांदे, बटाटे, लाल भोपळा, अख्खा कोबी, आणि न धुतलेली अंडी, जी अधूनमधून उलटवून ठेवली की शीतपेटीशिवाय कित्येक आठवडे टिकतात. दुसऱ्या भागाला वाटीभर मूग पुरतात. मूग रात्रभर गोड्या पाण्यात भिजवायचे. खाऱ्या पाण्यात त्यांना मोड येत नाहीत. सकाळी निथळून रुंद तोंडाच्या बरणीत घालायचे, तोंडाला ओले सुती फडके बांधायचे, आणि नौका कलली तरी सांडणार नाही अशी ती आडवी, सावलीत अडकवायची. दिवसातून दोनदा धुऊन निथळायचे, नाहीतर उष्ण हवेत आंबूस वास धरतात. आपल्या पाण्यात दोन दिवसांत, थंड दक्षिण समुद्रात चार-पाच दिवसांत बोटभर मोड तयार होतात. कोरड्या मुगात नसल्यासारखे असलेले क जीवनसत्त्व आता १०० ग्रॅममागे सुमारे १३ मिलिग्रॅम असते. १९४० च्या दशकात शेफील्डला स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात स्कर्व्ही बरा करायला रोजचे १० मिलिग्रॅम पुरले होते. उत्तम आरोग्याला याहून जास्त हवे हे खरेच, म्हणून लिंबे आणि गोळ्याही बरोबर असाव्यात. पण गोळीने भूक लागत नाही, चावायला काही मिळत नाही, पोट साफ राहत नाही. महिनाभर पाकिटे खाल्लेल्या माणसाला कुरकुरीत हिरवा घास काय देतो हे त्या घासानंतरच कळते.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी किंवा तुमच्या मुलाबाळांपैकी कोणी लांबच्या सफरीला शिडाची नौका घेऊन निघणार असेल, तर सामानाच्या यादीत डाळीबरोबर अख्खे मूग आणि मटकी लिहा, पहिला वाटा निघायच्या आदल्या रात्रीच भिजत घाला, आणि मोड शक्यतो कच्चेच खा. उसळच करायची असेल तर वाफ येताच उतरवा, आणि लिंबू ती ताटात वाढल्यावर पिळा.